पाला

लखनौ छावणीत आम्ही राहावयास गेलो तो १९८१ सालचा नोव्हेंबर महिना होता. डिसेंबर संपत आला असता एके दुपारी आमचे माळीबाबा बागेतून व्हरांड्याच्या पायरीशी आले, त्यांनी एकवार आकाशाकडे पाहिले आणि ते म्हणाले, "मेमसाब, आज रात को पाला पड़ेगा." मी पडले मराठी माणूस. पाला पडणार असेल तर पडो बापडा, सकाळी झाडून काढता येईल, असे मनाशी म्हणून मी हातातले विणकाम पुढे चालू केले. माळीबाबा क्षणभर घुटमळले. मी काही सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी काहीच बोलले नाही, तेव्हा ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीचा पडदा सारला तो समोरच्या हिरवळीवर कोणी मीठ पसरून ठेवले आहे असे वाटले. गवताचे प्रत्येक पाते पांढरे झाले होते. दृश्य मोठे मनोहर होते, आणि मी मुलांना उठवून ते दाखविलेही. पण अकराच्या सुमारास ऊन चढले आणि माझ्या जास्वंदीची पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबू लागली. संध्याकाळपर्यंत ती काळी पडली. ही जास्वंद साधीसुधी नव्हती. रत्नागिरीच्या आमच्या परसातल्या दुहेरी लाल जास्वंदीची ती फांदी आईने ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर दिली होती. दोन वर्षे ती पुण्याला कुंडीत वाढली आणि बदलीच्या सामानाबरोबर रेल्वेने लखनौला आली. आल्या आल्या मोठ्या हौसेने मी ती जमिनीत लावली होती.

हिंदीत पाला म्हणजे गोठलेले दव. आपल्याकडे त्याला दहिवर म्हणतात, परंतु महाराष्ट्रात बहुतेकांना त्याचे दर्शन घडत नसल्याने तो शब्द बोलण्यात फारसा राहिलेला नाही. निफाडच्या द्राक्षबागाईतदारांना तो ठाऊक आहे, कारण तेथे कडाक्याच्या थंडीत बागांतून रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे हिमकण दिसले की त्याची वर्तमानपत्रांतून छायाचित्रे येतात. एरव्ही आपली थंडी म्हणजे गुलाबी थंडी. तेव्हा एका शब्दाच्या अज्ञानामुळे एक झाड गेले असे कोणी म्हटले तर ते पुष्कळसे खरे आहे. पण सगळेच खरे नाही. त्या रात्रीने जास्वंदीची केवळ पाने नेली होती. झाड मी मारले, आणि ते कसे, हे सांगण्यासाठीच आज मी बोलत आहे. ग्वाल्हेर, झाशी, काशी, दिल्ली अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींना यात नवे काही वाटणार नाही. परंतु दक्षिणेकडून नव्याने तिकडे जाणारे, आणि जाताना आईच्या परसातले एखादे रोप बरोबर नेणारे लोक आजही आहेत.

थंड हवेतली बाग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर विलायती पुस्तकांतली चित्रे उभी राहतात. झुडुपांच्या पार्श्वभूमीवर पुढे उंच निळ्या, पांढऱ्या, जांभळ्या फुलांचे ताटवे, आणि ते दरवर्षी आपल्याच मुळांतून पुन्हा उगवणारे. इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जेकिल या बाईंनी अशा बहुवर्षायू फुलझाडांच्या ताटव्यांचे शास्त्रच बनविले. जेथे हिम पडते तेथे ही झाडे हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतात आणि मुळे खाली निजून राहतात. वर हिमाचा थर असतो. तो आपल्याला थंडीचे मूळ वाटतो, पण झाडाला तो गोधडीसारखा असतो. बाहेर कितीही गारठा असला तरी त्या थराखालची जमीन फारशी गोठत नाही. लखनौला ही गोधडी नाही. समुद्रसपाटीपासून अवघ्या सव्वाशे मीटर उंचीवरचे, गोमतीच्या काठचे हे सपाट मैदानातले शहर. मे-जून महिन्यांत तेथे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि लू वाहते. जानेवारीच्या काही रात्री तोच पारा चार-पाच अंशांखाली उतरतो, आणि त्या वेळी झाडे आकाशाखाली उघडी असतात.

याचा परिणाम मोठा विचित्र होतो. विलायती लायलॅक किंवा पिओनी येथे फुलत नाहीत, कारण त्यांच्या कळ्यांना जाग येण्यापूर्वी जी दीर्घ थंडी लागते तेवढी येथे पडत नाही. आणि जास्वंद, अबोली, अलमांडा यांना येथली थंडी सोसत नाही. थोडक्यात, लायलॅकसाठी लखनौ उष्ण आणि जास्वंदीसाठी लखनौ थंड. डेल्फिनियम, गुलखैरा यांसारखी जी झाडे थंड देशांत वर्षानुवर्षे जगतात, ती येथे ऑक्टोबरात पेरावयाची, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची शोभा पाहावयाची आणि एप्रिलच्या उन्हात ती वाळली की उपटून टाकावयाची. दीर्घायुषी झाड येथे एका मोसमाचा पाहुणा होते. छावणीतल्या बहुतेक बंगल्यांचा बगीचा या पाहुण्यांवरच चालतो. त्यात एक सोयही असते, तिच्याकडे मी पुढे येईन.

पाला केव्हा पडतो हे माळीबाबांना आकाश पाहून कळे. मला ते कळावयास एक हिवाळा गेला. तसे त्यात गूढ काही नाही. डिसेंबर-जानेवारीत वायव्येकडून पावसाळी ढग येतात, एखादी हलकी सर पडते. लोक म्हणतात, आता थंडी वाढणार, पण ढग असतात तोवर रात्र उबदार असते. ढग निघून गेले, आकाश काचेसारखे स्वच्छ झाले, दिवसभर वायव्येचा गार वारा सुटला आणि संध्याकाळी तो वारा एकदम पडला, म्हणजे समजावे की रात्र वाईट. जमिनीतली ऊब सरळ वर आकाशात निघून जाते. तिला अडविणारे ढग नसतात आणि वरची ऊबदार हवा खाली ढवळणारा वाराही नसतो. दाट धुके पडले असेल तर उलट निर्धास्त झोपावे, कारण धुके पांघरुणाचे काम करते. धुक्याचा त्रास वेगळा: आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि गुलाबावर भुरी येते. वर्तमानपत्रात किमान तापमान चार अंश छापून आले म्हणून गाफील राहू नये. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर पेटीत टांगलेला असतो. त्याच रात्री गवताच्या पात्याशी पारा शून्याखाली गेलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि सखल जागी साचते. आमच्या बंगल्याच्या आवाराचा उतार मागच्या कुंपणभिंतीकडे होता. पावसाळ्यात तेथे पाणी तुंबे. जास्वंद मी तेथेच लावली होती, पाणी आयते मिळेल म्हणून! म्हणजे आवारातली अत्यंत थंड जागा मी नेमकी शोधून काढली होती. तीच जास्वंद दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीशी लावली असती तर दिवसभर तापलेली भिंत तिला रात्रभर थोडी थोडी ऊब देत राहिली असती.

आता माझा अपराध सांगते. काळी पडलेली पाने आणि सुकलेले शेंडे पाहून मला राहवेना. घरात आजारी माणसाचे अंथरूण स्वच्छ असावे, तसे मला वाटले. मी कात्री घेतली आणि काळे पडलेले सगळे छाटून टाकले. माळीबाबा म्हणाले, "होली तक रहने दीजिए." मी म्हटले, होळीला अजून दोन महिने आहेत, तोवर हे भेसूर झाड डोळ्यांसमोर कसे ठेवावयाचे? वर झाडाला जोर यावा म्हणून शेणखताबरोबर थोडे रासायनिक खतही घातले. जानेवारीत आठ दिवस चांगले ऊन पडले आणि जास्वंदीला तांबूस, लुसलुशीत फुटवे आले. मी विजयी मुद्रेने ते माळीबाबांना दाखविले. ते काही बोलले नाहीत. जानेवारीच्या अखेरीस दुसरा पाला पडला. कोवळ्या फुटव्यांत पाणीच पाणी असते. ते गोठले, आणि छाटणीमुळे उघडी पडलेली खालची लाकडे सालीसकट फाटली. होळीच्या दिवशी मी बुंध्याची साल नखाने खरवडून पाहिली. आत हिरवे काही राहिले नव्हते.

माळीबाबांच्या बोलण्यात पाला हा शब्द आला की त्यांचा आवाज बदले, त्याचे कारण मला त्यानंतर कळले. त्यांची दोन-तीन बिघे जमीन गावाकडे होती. तेथली तूर जवळजवळ वर्षभर शेतात उभी असते. पावसाळ्याच्या तोंडी पेरलेली ती मार्च-एप्रिलात निघते, आणि ऐन फुलोऱ्यात आणि शेंगांत असताना तिला जानेवारीची थंडी काढावी लागते. एका रात्रीत ती करपते. बटाट्याचेही तेच. मी जास्वंदीसाठी हळहळत होते तेव्हा ते गावाकडून येणाऱ्या पोस्टकार्डाची वाट पाहत होते.

पुढच्या वर्षी आईने दुसरी फांदी पाठविली. पत्रात एवढेच लिहिले होते की, "या वेळी तिथल्या माणसांचे ऐक." ते मी ऐकले. ऑगस्टनंतर जास्वंदीला खत बंद केले आणि ऑक्टोबरपासून पाणी हळूहळू तोडले. झुडपाने थंडीपूर्वी नवी वाढ थांबवावी आणि असलेले लाकूड पक्के करावे, हा त्यातला हेतू. कोकणातल्या माणसाला झाड हिरवे असताना पाणी तोडणे जिवावर येते. पण पोसलेल्या झाडापेक्षा थोडे उपाशी झाड थंडी अधिक सोसते. डिसेंबर लागताच माळीबाबांनी सरपत नावाच्या उंच गवताच्या ताट्या बांधून झुडपाच्या तीन बाजूंनी आणि माथ्यावर झोपडी उभी केली आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवली, म्हणजे दिवसा ऊन आत येते. मलिहाबादच्या आंब्याच्या बागांतून लहान कलमांना अशाच झोपड्या घालतात. दसऱ्यात देवीपुढे मांडलेल्या देखाव्यासारखा आमचा बगीचा दिसू लागला. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी, येथे कोंबड्या पाळता काय, असे विचारले.

वाईट रात्र येणार असे दिसले की संध्याकाळी झाडांना पाणी द्यावे, हेही मी तेव्हा शिकले. ऐकावयास हे उफराटे वाटते, कारण थंडीत ओल म्हणजे आणखी थंडी अशी आपली समजूत. परंतु ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक ऊब साठविते आणि रात्री ती सोडत राहते. एखाद-दोन अंशांचाच फरक पडतो, पण जीव वाचण्यास तेवढा पुरतो. माळीबाबा कोपऱ्यात पालापाचोळा जाळून धूरही करीत. त्याचा उपयोग फार थोडा होतो हे आज आपल्याला माहीत आहे, आणि शहरांतली हिवाळी हवा पाहता तो आता कोणी करूही नये. मात्र त्या वेळी शेकोटीभोवती आम्ही सगळे बसत असू, आणि माझे बहुतेक शिक्षण तेथे झाले. उदाहरणार्थ, काळी पडलेली फांदी होळीपर्यंत का ठेवावयाची? एक तर ती मेली आहे की निजली आहे हे जानेवारीत कळत नाही. दुसरे, मेलेली फांदीसुद्धा खालच्या जिवंत डोळ्यांवर पांघरूण घालते. आणि तिसरे, छाटले की झाड फुटते, आणि फुटले की फसते. हे तिसरे कारण मला कोणी सांगावयास नकोच होते.

ती दुसरी जास्वंद जगली. मार्चमध्ये वितीएवढ्या उंचीवरून तिला नवे धुमारे आले आणि जूनमध्ये फूल आले. पण तिची पाने कधी रत्नागिरीसारखी काळसर हिरवी झाली नाहीत. पिवळी पाने आणि हिरव्या शिरा असे तिचे रूप असे. अनंताची आणि पेंटगुळाची तर त्याहून वाईट दशा होती. मी ते सारे थंडीच्या माथी मारीत होते. वास्तविक दोष मातीचा होता. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तर गंगेच्या मैदानातली गाळाची माती अल्कधर्मी. त्यातून लखनौच्या आसपास ऊसर म्हणून ज्या क्षारपड जमिनी आहेत त्या प्रसिद्धच आहेत. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. हिराकशीचे पातळ पाणी अधूनमधून घातले आणि कुजलेल्या पानांचे खत सढळ हाताने दिले म्हणजे पाने सुधारतात. पण हे औषध कायमचे नव्हे, विहिरीच्या कठीण पाण्याबरोबर दुखणे परत येते. शेजारच्या बाईंनी राणीखेतहून हायड्रेंजिया आणला होता. डोंगरात त्याला निळी फुले होती, आमच्याकडे आल्यावर पुढच्या बहराला ती गुलाबी झाली, आणि मे महिन्याच्या लूमध्ये झाड गेले. रंग बदलला तेव्हा त्या बाई फार आनंदल्या होत्या. तो मातीने दिलेला इशारा होता, हे आम्हांला दोघींनाही समजले नाही.

एवढे सारे केल्यावर माणूस विचार करू लागतो की, जे झाड येथे नांदावयास तयारच नाही त्याच्यासाठी इतका खटाटोप कशाला? जास्वंदीपुरते माझे उत्तर तयार होते, ती आईची होती. पण बाकीच्या बागेसाठी मी येथलीच थंडी ओळखणारी झुडुपे शोधू लागले, आणि ती मला लांब शोधावी लागली नाहीत. कालिदासाने मेघदूतात अलकानगरीच्या स्त्रियांच्या अंगावर सहा ऋतूंची फुले एकाच वेळी घातली आहेत. त्यांत हेमंताचे म्हणून आहे ते कुंदाचे फूल, आणि वसंताचे म्हणून कुरबकाचे, म्हणजे आपल्या कोरांटीचे. कुंद लखनौच्या थंडीत, धुक्यात, पांढऱ्या चांदण्यांनी भरून जातो. त्याला झोपडी लागत नाही आणि हिराकसही लागत नाही. कवीचा वसंत सोडून देऊन जांभळी कोरांटी लखनौला ऑक्टोबरापासून फुलते आणि पाल्याच्या तोंडावर थांबते. शेंडे करपले तरी फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा फुटते. आपल्याकडे कोरांटी रानात, गडाच्या वाटेवर उगवते म्हणून तिला बागेत मान नाही. सहा महिन्यांच्या कष्टांनंतर मला तिची योग्यता समजली. मागच्या सखल कुंपणाशी, जेथे पहिली जास्वंद गेली होती तेथे, मी कुंदाची रांग लावली.

संक्रांतवेलीचे नाव आपण बरोबर ठेवले आहे. लखनौलाही ती संक्रांतीच्या सुमारास नारिंगी फुलांनी पेटून उठते, पण तिला भिंतीची ऊब हवी. मेंदी, कण्हेर आणि हिंदीत जिला सावनी म्हणतात ते चुरगळलेल्या रेशमासारख्या फुलांचे झुडूप ही तिन्ही थंडीत निमूट उभी राहतात आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात फुलतात. छाटणीचा एक नियम यातून हाती येतो. नव्या वाढीवर फुलणारी ही झुडुपे होळीच्या सुमारास छाटावीत, आणि कुंदासारखी जी आधीच्या वाढीवर हिवाळ्यात फुलतात ती फुले संपल्यावर. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास, म्हणजे डिसेंबराच्या आरंभी पहिला बहर मिळतो. बोगनवेल कोवळी असताना पाल्याने करपते, जुनी झाली की तिला कशाची पर्वा नसते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने तिच्या नव्या जाती काढल्या आणि एकीला बेगम सिकंदर, दुसरीला वाजिद अली शाह अशी नावे दिली. राज्य गेलेल्या राजाला फूलझाडात जागा देण्याचे हे औचित्य मला लखनौच्या रीतीचेच वाटते.

ही संस्था सिकंदर बागेत आहे. वाजिद अली शाहाने आपल्या बेगमेसाठी बांधलेली ही बाग. १८५७ च्या नोव्हेंबरात तेथे घनघोर लढाई झाली. पुढे प्राध्यापक कैलासनाथ कौल यांच्या हाताखाली तेथे वनस्पती उद्यान आकारास आले, १९५३ साली ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेले आणि १९७८ साली त्याला आजचे नाव मिळाले. लखनौ म्हटले की मराठी माणसाला पंडित भातखंड्यांनी १९२६ साली काढलेले संगीत महाविद्यालय आठवते, आणि ते योग्यच आहे. पण डिसेंबरात लखनौला जाणाऱ्याने सिकंदर बागेतले शेवंतीचे प्रदर्शनही चुकवू नये. हिंदीत शेवंतीला गुलदाउदी म्हणतात. पाल्याच्या दिवसांत बहरणारे बहुवर्षायू झाड म्हणून तिच्याइतके दुसरे मला माहीत नाही, आणि तिच्याइतके कष्टाचेही.

जानेवारीत फुले सुकली की शेवंती जमिनीलगत कापावी. बुडातून फुटवे येतात, ते फेब्रुवारीत सोडवून वेगळे लावावेत. येथपर्यंत सगळे सोपे आहे. त्यानंतर एप्रिल ते जून या तीन महिन्यांत ती रोपे केवळ जिवंत ठेवावयाची, झाडाच्या सावलीत, लूपासून आडोशाला, रोज थोडे पाणी देऊन. या काळात त्यांच्याकडून दुसरी काही अपेक्षा करू नये. पावसाच्या आरंभी शेंड्यांची छाटकलमे करावीत, कारण जुन्या बुंध्यापेक्षा नवे कलम सरस फुलते. पावसात कुंडीत पाणी साचले की मुळे कुजतात, म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात. ऑगस्टात शेंडे खुडावेत, सप्टेंबरात काठ्या लावाव्यात, ऑक्टोबरात मोठे फूल हवे असेल तर एकच कळी ठेवून बाकीच्या काढाव्यात. खुडणी आणि काठ्या या दोन्ही कष्टांतून सुटका करणाऱ्या बुटक्या, आपोआप झुबकेदार होणाऱ्या जाती याच संस्थेने तयार केल्या. पण मला मात्र काठ्या बांधावयास आवडे.

शेवंतीची एक फजिती सांगितली पाहिजे. दुसऱ्या वर्षी माझ्या वीस कुंड्यांपैकी चौदा नोव्हेंबरात फुलल्या आणि सहा नुसत्या हिरव्या राहिल्या. खत तेच, पाणी तेच, जातही तीच. मी त्या सहा कुंड्या अधिक उजेडात म्हणून व्हरांड्याच्या दिव्याखाली हलविल्या होत्या. रात्री पहारेकऱ्यासाठी तो दिवा जळत राही. शेवंती दिवस लहान झाल्याखेरीज कळी धरीत नाही. खरे म्हणजे ती दिवस मोजीत नाही, रात्र मोजते. तिला अखंड, लांब काळोख हवा. माझ्या सहा कुंड्यांच्या लेखी लखनौला हिवाळा आलाच नव्हता. दिवा तर बंद करता येईना, म्हणून मी कुंड्याच मागच्या अंगणात नेल्या. त्या जानेवारीत फुलल्या, आणि तोवर बाकीच्या सगळ्या संपल्या होत्या.

आता त्या मघाच्या सोयीविषयी. छावणीतले घर दोन-तीन वर्षांचे. बदलीचा हुकूम आला की ट्रंका भरावयाच्या. अशा ठिकाणी माणूस मोसमी फुले लावतो, कारण ऑक्टोबरात पेरलेले फेब्रुवारीत पाहावयास मिळते. झुडूप लावावयाचे म्हणजे तीन वर्षांनंतर येथे कोण राहील त्याच्यासाठी लावावयाचे, आणि तो कोण हे आपल्याला ठाऊक नसते. दिलकुशा कोठीच्या भग्न भिंतींजवळून आम्ही संध्याकाळी फिरावयास जात असू. एकदा माझे पती सहज म्हणाले, "या छावणीतली निम्मी झाडे बदली झालेल्या लोकांची आहेत." १९८४ च्या मे महिन्यात आमचाही हुकूम आला. जास्वंद तेव्हा छातीएवढी झाली होती. ती उपटून नेण्याचा विचार माझ्या मनात आला होता, हे मी नाकारीत नाही. पण ऐन उन्हाळ्यात भरल्या अंगाचे झाड हलविले तर ते कोणाचेच राहिले नसते. मी तिच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या. त्यांतली एक जगली. आमच्या जागी येणाऱ्या बाईंसाठी मी शाळेच्या वहीत हिंदीतून दोन पाने लिहून ठेवली: पाणी केव्हा तोडावयाचे, झोपडीची कोणती बाजू उघडी ठेवावयाची, होळीपर्यंत कात्री लावावयाची नाही. माळीबाबांना वाचता येत नव्हते, आणि त्यांना ते लिहून देण्याचे कारणही नव्हते.

२०१७ च्या डिसेंबरात एका लग्नासाठी लखनौला जाणे झाले. छावणीत परवानगी घेऊन आम्ही तो बंगला पाहिला. दक्षिणेच्या भिंतीशी मोटारींसाठी छप्पर झाले आहे, जास्वंदीची खूणही नाही. मागे मात्र कुंदाची रांग होती, चांगली कमरेएवढी, कातरून सरळ केलेली, आणि तिच्यावर एकही फूल नव्हते. तेथे राहणाऱ्या बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या, केरळकडच्या. त्या म्हणाल्या, "आंटी, हे कुंपण हिरवे छान आहे, पण हे कधी फुलत नाही." कातरता केव्हा, असे मी विचारले. दिवाळीच्या आधी, त्या म्हणाल्या. पावसाळ्यात आलेली जी वाढ हेमंतात फुलावयाची ती दर वर्षी दिवाळीपूर्वीच कापली जात होती. कात्री मार्चमध्ये लावा, पावसाळा सुरू झाल्यावर हात लावू नका, असे मी सांगितले. त्यांनी ते मोबाईलवर टिपून घेतले आणि मग थोड्या संकोचाने म्हणाल्या, "पण वरिष्ठांची पाहणी दिवाळीच्या सुमारास असते, कुंपण वेडेवाकडे दिसून चालत नाही."

पुढच्या जानेवारीत त्यांनी छायाचित्र पाठविले. कुंपणाची रस्त्याकडची बाजू परेडच्या मैदानासारखी सपाट कातरलेली होती. घराकडची बाजू त्यांनी तशीच राखली होती, आणि धुक्यामुळे चित्र अस्पष्ट असले तरी त्या बाजूची पांढरी फुले दिसत होती.